कर्नल ट्रेस्को आणि दोन बाटल्यांचं पार्सल: हिटलरच्या सैन्यातल्या कटाची गोष्ट

२० जुलै १९४४ ला हिटलरच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवणारा श्टाउफेनबर्ग बऱ्याच जणांना माहिती असतो, एक डोळा आणि एक हात गमावलेला तरुण कर्नल, हातात ब्रीफकेस. पण त्या बॉम्बच्या कितीतरी आधीपासून ज्याने माणसं एकेक करून जमवली, स्फोटकं मिळवली, दोनदा प्रयत्न घडवून आणले आणि बॉम्ब फुटल्यावर पुढे काय करायचं ते कागदावर उतरवलं, तो हेनिंग फॉन ट्रेस्को मात्र मागेच राहतो. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण सैन्यात राहून हुकूमशहाला हटवायचं म्हणजे नक्की काय काय करावं लागतं ते त्याच्याकडे बघून कळतं. आणि हा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, की एवढे हजारो ऑफिसर, सगळ्यांच्या कमरेला पिस्तूल, मग एकाने तरी सरळ गोळी का नाही घातली? म्हणून आधी तेच बघू.

२ ऑगस्ट १९३४ ला जर्मनीचा म्हातारा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला आणि त्याच दिवशी सैन्याला नवी शपथ दिली गेली. आधीची शपथ देशाशी होती, ही नवी थेट अॅडॉल्फ हिटलर या माणसाशी, त्याचं नाव घेऊन, बिनशर्त आज्ञापालनाची, आणि तीही देवाला साक्षी ठेवून. आज आपल्याला वाटेल, त्यात काय, शब्दच तर आहेत. पण प्रशियन (जर्मनीतला लष्करी परंपरेचा जुना भाग) ऑफिसर घराण्यांमध्ये शपथ म्हणजे घराची अब्रू, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली, ती मोडणारा माणूस आपल्याच लोकांत तोंड दाखवू शकत नसे. मनातून हिटलरचा तिटकारा असलेले कितीतरी जनरल शेवटपर्यंत या एका शपथेपाशी येऊन थांबले. काहींनी ती खरोखर मानली, काहींना ती सबब म्हणून बरी पडली, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळणं कठीण होतं.

ट्रेस्को अशाच घरातला. जन्म १० जानेवारी १९०१, माग्डेबुर्ग. घरात पिढ्यानपिढ्या सैन्यातली माणसं. सोळाव्या वर्षी तो पहिल्या महायुद्धात गेला, पोरवयातच शौर्याचं पदक मिळवलं, मग युद्ध हरल्यावर सैन्य सोडून बँकेत नोकरी केली, जगप्रवासाला निघाला आणि १९२६ मध्ये परत सैन्यात आला. त्याच वर्षी लग्न झालं ते एरिकाशी, म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याचा प्रमुख राहिलेल्या फाल्केनहाइनच्या मुलीशी. एक गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि लपवूही नये, सुरुवातीला तो हिटलरच्या बाजूचाच होता. व्हर्सायच्या तहाने देशाचा अपमान केला, हा माणूस तो धुऊन काढेल असं त्यालाही वाटायचं. पहिला धक्का बसला ३० जून १९३४ ला, जेव्हा हिटलरने आपल्याच पक्षातल्या आणि बाहेरच्या लोकांना ना खटला ना चौकशी गोळ्या घालून मारलं. नंतर नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, त्यानंतर त्याचं मन साफ उडालं. १९३९ च्या उन्हाळ्यात, युद्ध सुरू व्हायच्या आधीच, त्याने आपला वकील मित्र फाबियान फॉन श्लाब्रेनडॉर्फला सांगितलं होतं की हिटलर आणि नाझीवाद पाडण्यासाठी शक्य ते सगळं करणं हेच आता कर्तव्य आहे आणि अब्रूही त्यातच आहे. म्हणजे ज्या अब्रूपायी बाकीचे शपथेला चिकटून बसले तीच अब्रू याला उलट्या दिशेला घेऊन गेली.

तरीही तो नोकरी करतच राहिला, आणि चांगली केली. १९४० मध्ये फ्रान्सवरच्या हल्ल्याची जी योजना यशस्वी झाली ती वर पोचवण्यात त्याचाही हात होता. १९४१ मध्ये रशियावर हल्ला झाला तेव्हा तो आर्मी ग्रुप सेंटर या प्रचंड सैन्याच्या मुख्यालयात ऑपरेशन्सचा मुख्य ऑफिसर होता. ही नेमणूक लक्षात ठेवा, कारण सगळे नकाशे, सगळे रिपोर्ट आणि कोणाची बदली कुठे करायची यातलं बरंच काही त्याच्या टेबलावरून जायचं. कट करणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि सदसद्विवेक असलेल्या माणसाला यापेक्षा भयानक जागा नाही.

जून १९४१ मध्ये वरून आदेश आला की पकडलेल्या सोव्हिएत राजकीय अधिकाऱ्यांना कैदी करायचं नाही, जागेवर मारायचं. ट्रेस्कोने सेनापती फॉन बॉकला गळ घातली (हा बॉक त्याचा नातेवाईकच), की तुम्ही स्वतः विमानाने हिटलरकडे जा आणि हे आदेश रद्द करून घ्या, नाहीतर याचं पाप जर्मनांना शंभर वर्षं चिकटेल आणि ते फक्त हिटलरला नाही, तुम्हाला, मला, आपल्या बायकांना आणि पोरांना चिकटेल. बॉक स्वतः गेला नाही, त्याने रुडॉल्फ फॉन गेर्सडॉर्फ नावाच्या खालच्या ऑफिसरला पाठवलं आणि अर्थातच काही झालं नाही. मग त्याच ऑक्टोबरमध्ये बोरिसोव्ह गावात दोन दिवसांत सात हजारांच्या आसपास ज्यू माणसं, बायका, पोरं खड्ड्यांपाशी नेऊन मारली गेली. तिथून पुढे ट्रेस्कोच्या डोक्यात हिटलरला पकडून खटला भरायचा वगैरे काही उरलं नाही, त्याला मारल्याशिवाय हे थांबणार नाही एवढंच उरलं.

आता त्याने केलं काय, तर बदल्या. ऐकायला फार साधं वाटतं. श्लाब्रेनडॉर्फला स्वतःचा सहायक म्हणून बोलावून घेतलं, गेर्सडॉर्फ गुप्तवार्ता विभागात होताच, आणखी भरवशाचे तरुण ऑफिसर एकेक करून याच मुख्यालयात आणवले. हिटलरचा मुख्य लष्करी अॅडज्युटंट, म्हणजे मदतनीस ऑफिसर, श्मुंट हा ट्रेस्कोचा जुना रेजिमेंटमधला दोस्त, त्याला कसलाच संशय नव्हता, आणि बदल्यांचं काम त्याच्या ओळखीतून व्हायचं. हा श्मुंट पुढे २० जुलैच्या बॉम्बने जखमी होऊन मेला. दोस्ताचा विश्वास वापरून दोस्ताच्याच जिवावर उठायचं, असल्या गोष्टी या कटात पावलोपावली आहेत.

सेनापतीही हवा होता, कारण कर्नलच्या हुकमाने सैन्य फिरत नाही. बॉकनंतर आलेला फील्ड मार्शल फॉन क्लूगे कधी हो म्हणायचा कधी नाही. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला, ऑक्टोबर १९४२ मध्ये, हिटलरने त्याला अडीच लाख राइशमार्कचा (तेव्हाचं जर्मन चलन) चेक पाठवला होता. हिटलर मोठ्या सेनापतींना असं मिंधं करून ठेवायचा, चेक, जमिनी, आणि हे सगळं गुपचूप. ट्रेस्कोला त्या चेकचं कळलं होतं आणि तो क्लूगेवर दबाव टाकायला त्याचाही उपयोग करायचा. तरी क्लूगे शेवटपर्यंत काठावरच उभा राहिला.

मग १३ मार्च १९४३ उजाडला. खूप खटपटीनंतर हिटलर स्मोलेन्स्कच्या मुख्यालयाला भेट द्यायला आला. काही ऑफिसरांनी मिळून मेसमध्येच जेवताना त्याच्यावर एकदम गोळ्या झाडायच्या असा एक बेत होता, पण क्लूगेने तो मोडून काढला, जेवायला बसलेल्या माणसाला असं मारणं बरं नाही आणि आपलेही लोक मरतील म्हणून. गोळी का नाही घातली त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं की हिटलरभोवती एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे, पहारेकरी असायचे, तो ऐनवेळी वेळापत्रक बदलायचा, आणि एकट्याने गोळी झाडून नेम चुकला तर कटातले सगळेच संपले.

म्हणून दुसरा मार्ग ठरलेला होता. गेर्सडॉर्फने आपल्या खात्यातून ब्रिटिशांकडून हस्तगत केलेली स्फोटकं मिळवली होती. ब्रिटिशच का, तर जर्मन फ्यूज पेटला की सुरसुर आवाज करायचा आणि ब्रिटिश फ्यूज एकदम मुका, घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही. तो चालायचा असा: पेन्सिलीएवढी धातूची नळी, आत काचेची छोटी कुपी, कुपीत धातू खाणारं रसायन. नळी दाबली की कुपी फुटते, रसायन आतली बारीक तार हळूहळू खातं, त्या तारेने एक स्प्रिंगवाला खिळा मागे धरून ठेवलेला असतो, तार तुटली की खिळा सुटून पुढच्या टोपीवर आदळतो, ठिणगी पडते आणि स्फोट. फ्यूज कुठल्या प्रकारचा त्यावर दहा मिनिटं की तीस मिनिटं ते ठरतं. ट्रेस्को आणि श्लाब्रेनडॉर्फने हे कितीदा तरी आडबाजूला जाऊन फोडून बघितलं होतं.

पार्सल केलं दोन बाटल्यांचं. क्वांत्रो नावाची फ्रेंच दारू चौकोनी बाटलीत मिळते, त्यामुळे स्फोटकांचे दोन गठ्ठे कागदात गुंडाळले की हुबेहूब तशाच बाटल्या वाटायच्या. जेवताना ट्रेस्कोने हिटलरबरोबर आलेल्या कर्नल हाइन्झ ब्रांटला सहज विचारलं, की मुख्यालयातल्या श्टीफशी मी पैज हरलोय, त्याच्या दोन बाटल्या घेऊन जाल का? ब्रांट म्हणाला, त्यात काय, देतो नेऊन. (हा ब्रांट म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत जर्मनीच्या टीमबरोबर सुवर्णपदक जिंकलेला माणूस. ध्यानचंदच्या टीमने हॉकीच्या फायनलला जर्मनीला ८-१ ने हरवलं, तेच ऑलिम्पिक.) विमानतळावर हिटलर विमानाकडे वळला, श्लाब्रेनडॉर्फने पार्सलमधला तीस मिनिटांचा फ्यूज दाबला आणि पार्सल ब्रांटच्या हातात दिलं.

विमान उडालं. हिशोबाने मिन्स्कच्या आधी ते आकाशात फुटायला हवं होतं. बर्लिनला सांकेतिक निरोप गेला, तिथली माणसं तयार बसली. हे दोघं बातमीची वाट बघत बसले, अर्धा तास, एक तास. दोन तासांनी बातमी आली की फ्यूररचं, म्हणजे हिटलरचं, विमान सुखरूप उतरलं.

आता नुसतं अपयश असतं तर एक वेळ ठीक होतं, पण ते पार्सल जिवंत अवस्थेत हिटलरच्या मुख्यालयात पडलेलं होतं आणि ते ज्याला द्यायचं तो श्टीफ तोवर कटात आलेला नव्हता, बाटली समजून त्याने उघडलं असतं तर सगळं संपलं. ट्रेस्कोने ब्रांटला फोन केला, आवाजात जराही फरक पडू न देता, की अहो चुकीचं पार्सल दिलं गेलं, राहू द्या तुमच्याकडेच, उद्या माझा माणूस येऊन बदलून नेईल. दुसऱ्या दिवशी श्लाब्रेनडॉर्फ खऱ्या बाटल्या घेऊन विमानाने गेला. ब्रांटने हसत हसत ते पार्सल हातात वरखाली हलवत त्याला परत दिलं. हे वाचताना दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. श्लाब्रेनडॉर्फ बर्लिनच्या रात्रीच्या गाडीत बसला, डब्याचं दार आतून लावलं आणि ब्लेडने कागद कापून पार्सल उघडलं. कुपी फुटली होती, रसायनाने तार खाल्ली होती, खिळा सुटून पुढे आदळला होता. फक्त ठिणगीच पडली नव्हती. विमानात सामानाच्या जागेत थंडी फार होती त्याने असं झालं असावं, असा अंदाज आहे.

आठच दिवसांनी, २१ मार्चला, गेर्सडॉर्फ स्वतः अंगावर बॉम्ब घेऊन उभा राहिला. बर्लिनच्या जुन्या शस्त्रागारात रशियनांकडून पकडलेल्या हत्यारांचं प्रदर्शन होतं आणि हिटलरला ते दाखवायचं काम त्याचं. खिशात दहा मिनिटांचा फ्यूज चालू केला, हिटलर अर्धा तास थांबेल असं कार्यक्रमात होतं, आणि तो काही न बघता दोनेक मिनिटांत दुसऱ्या दाराने बाहेर. गेर्सडॉर्फ संडासात धावला आणि कसाबसा फ्यूज उपटून काढला. पुढे अॅक्सेल फॉन डेम बुश्शे नावाचा तरुण ऑफिसर नवीन युनिफॉर्म हिटलरला दाखवायच्या निमित्ताने त्याला मिठी मारून मरायला तयार झाला होता, तर दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात ते युनिफॉर्मच जळून गेले.

पण हिटलर मेला असता तरी पुढे काय, हा प्रश्न ट्रेस्कोला सतत होता. हिटलरच्या जागी गोरिंग किंवा हिमलर, म्हणजे त्याच्याच पक्षातला दुसरा बडा पुढारी, बसला असता. पक्ष, एसएस, गेस्टापो (गुप्त पोलीस), रेडिओ सगळं जागच्या जागीच होतं. म्हणून १९४३ च्या उन्हाळ्यात तो रजा घेऊन बर्लिनला आला, आणि 'वाल्क्युरे' योजनेचं जे खरं डोकं आहे ते इथे दिसतं. ही योजना मुळात सरकारीच होती, हिटलरने मंजूर केलेली. जर्मनीत तेव्हा लाखो परदेशी वेठबिगार कामगार होते, त्यांनी उठाव केला तर देशातल्या राखीव सैन्याने रस्त्यावर उतरून ताबा घ्यायचा, एवढीच. जनरल ओल्ब्रिख्टच्या ऑफिसात ती फाइल होती. ट्रेस्कोने आणि नंतर त्याला येऊन मिळालेल्या श्टाउफेनबर्गने त्या फाइलमध्ये आपले कागद घातले. पहिलंच वाक्य या अर्थाचं, की फ्यूरर अॅडॉल्फ हिटलर मरण पावले आहेत, आणि पक्षातल्या आघाडीवर कधी न गेलेल्या काही पुढाऱ्यांनी सत्ता बळकावायचा प्रयत्न केलाय, म्हणून सैन्य सगळी सूत्रं हातात घेत आहे. म्हणजे साध्या सैनिकाला वाटणार आपण सरकार वाचवतोय आणि त्याच वेळी तो एसएसची ऑफिसं, पक्षाचे पुढारी, रेडिओ स्टेशन ताब्यात घेणार. सैन्याला बंड करायला सांगायचंच नाही. आज्ञा पाळायची त्यांची जी सवय आहे, तीच वापरायची.

हे कागद टाइप कोणी केले? ट्रेस्कोची बायको एरिका, मार्गारेटे फॉन ओव्हेन नावाची सेक्रेटरी आणि आणखी एक-दोन बायका. बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून हातमोजे घालून टाइप करायच्या. हिटलर जिवंत असताना तो मेला असं वाक्य कागदावर टाइप करायचं, हा एकच कागद फासावर जायला पुरेसा होता. एकदा मार्गारेटे, ट्रेस्को आणि श्टाउफेनबर्ग ते कागद काखेत घेऊन बर्लिनमध्ये रस्त्याने चालले होते, अचानक शेजारी एसएसची गाडी येऊन थांबली, माणसं खाली उडी मारून उतरली, आणि बाजूच्या दुसऱ्याच घरात शिरली. या बायकांची नावं कटाच्या गोष्टीत फारशी येत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

योजनेत एक कच्चा दुवा होता, तो सगळ्यांना माहिती होता. आदेश काढायचा अधिकार राखीव सैन्याचा प्रमुख जनरल फ्रॉम याचा, आणि फ्रॉम वारा बघून पाठ फिरवणारा माणूस. ऑक्टोबर १९४३ मध्ये ट्रेस्कोची बदली आघाडीवर झाली, हिटलरच्या जवळची नेमणूक मिळवायची त्याची धडपड श्मुंटने काही पुरी होऊ दिली नाही, आणि बर्लिनचं सगळं श्टाउफेनबर्गवर आलं. १ जुलै १९४४ पासून श्टाउफेनबर्ग फ्रॉमचा चीफ ऑफ स्टाफ झाला, त्यामुळे हिटलरच्या मीटिंगला जाता येऊ लागलं. पण एव्हाना दोस्तराष्ट्रं नॉर्मंडीत उतरली होती, युद्ध हरल्यातच जमा होतं, आता मारून तरी काय मिळणार असा प्रश्न श्टाउफेनबर्गने ट्रेस्कोला निरोप पाठवून विचारला. ट्रेस्कोचं उत्तर असं होतं, की काय वाटेल ते झालं तरी प्रयत्न झालाच पाहिजे. त्यातून हाती काय लागेल हा प्रश्न आता राहिलेला नाही, जर्मनीत हे करायची हिंमत केलेली माणसं होती हे जगापुढे आणि इतिहासापुढे दिसलं पाहिजे.

२० जुलैचं थोडक्यात सांगतो. दोन गठ्ठे होते, तयारी चालू असताना कोणीतरी आत आलं म्हणून एकच चालू करता आला. फ्यूज तोच, ब्रिटिश, मुका. टेबलाखाली ठेवलेली ब्रीफकेस पायात येत होती म्हणून शेजारच्या ऑफिसरने ती टेबलाच्या जाडजूड पायाच्या पलीकडे सरकवली, आणि हिटलर वाचला. सरकवणारा ऑफिसर म्हणजे कर्नल हाइन्झ ब्रांट, पार्सलवाला. तो त्या जखमांनी गेला. १२:४२ ला स्फोट झाला पण बर्लिनमध्ये आदेश निघायला जवळपास चार वाजले, रेडिओ ताब्यात आला नाही, मेजर रेमरला प्रचारमंत्री गोबेल्सला अटक करायला पाठवलं तर गोबेल्सने त्याच्या हातात फोन दिला आणि पलीकडून हिटलर बोलला. ज्या आज्ञापालनावर योजना उभी होती त्याच आज्ञापालनाने ती पडली. मध्यरात्रीनंतर फ्रॉमने स्वतःला वाचवायला श्टाउफेनबर्ग, ओल्ब्रिख्ट आणि आणखी दोघांना अंगणात उभं करून गोळ्या घातल्या.

ट्रेस्को तेव्हा पोलंडमध्ये बियालिस्टोकच्या बाजूला आघाडीवर, मेजर जनरल. रात्री श्लाब्रेनडॉर्फने त्याला उठवून रेडिओवर हिटलर बोलल्याचं सांगितलं. पकडलं तर छळ करून नावं काढून घेतील, म्हणून त्याने लगेच ठरवलं. सकाळी निरोप घेताना तो जे बोलला ते श्लाब्रेनडॉर्फने नंतर लिहून ठेवलं, त्यात बायबलमधल्या सोडोम शहराचा दाखला आहे, दहा सज्जन सापडले तर शहर वाचवीन असं देव म्हणाला होता, तसं आपल्यामुळे तो जर्मनीला राखेल अशी आशा आहे, असं काहीसं. मग तो गाडीने पुढे गेला, चकमक झालीय असं वाटावं म्हणून हवेत गोळ्या झाडल्या आणि ग्रेनेडने स्वतःला संपवलं. वय ४३. आधी शहीद म्हणून सन्मानाने घरच्या जागेत दफन झालं, मग ऑगस्टमध्ये खरं कळल्यावर नाझींनी प्रेत उकरून काढून जाळलं, एरिकाला अटक केली, मुलींना तिच्यापासून तोडलं.

आता जे सांगायला जड जातं ते. ज्या मुख्यालयात ट्रेस्को कट करत होता तिथे कत्तलींचे रिपोर्ट नियमित यायचे, तो ते वाचायचा, आणि पार्टिझानांविरुद्धच्या (जर्मनांशी गनिमी काव्याने लढणारे स्थानिक लोक) मोहिमांच्या नावाखाली गावंच्या गावं संपवणाऱ्या सैन्याचं नियोजनही तिथूनच व्हायचं. २८ जून १९४४ च्या एका आदेशावर, म्हणजे मरायच्या तीन आठवडे आधी, त्याची सही आहे, १० ते १३ वर्षांची अनाथ मुलं पकडून मजुरीला पाठवायचा आदेश. काही इतिहासकार यामुळे त्याला नायक मानायला तयार नाहीत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. कट चालवायचा तर खुर्चीत राहावं लागतं, खुर्चीत राहायचं तर सह्या कराव्या लागतात, हे कारण म्हणून कळतं. पण त्या पोरांच्या बाजूने विचार केला की ते कारण पुरत नाही. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, एकीने दुसरी पुसली जात नाही.

श्लाब्रेनडॉर्फचंही सांगायला हवं. पकडला गेला, हालहाल झाले, पण कोणाचं नाव सांगितलं नाही. ३ फेब्रुवारी १९४५ ला त्याचा खटला नाझी न्यायाधीश फ्राइसलरपुढे होता, त्याच दिवशी अमेरिकन बॉम्बहल्ल्यात फ्राइसलर मेला. पुढे श्लाब्रेनडॉर्फ पश्चिम जर्मनीच्या घटनात्मक कोर्टात न्यायाधीश झाला.

युद्धानंतरही बरीच वर्षं कित्येक जर्मन या लोकांना शपथ मोडणारे गद्दारच म्हणायचे. १९५१ मध्ये तोच रेमर, गोबेल्सच्या फोनवाला, जाहीर सभेत तसं बोलला, आणि १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या कोर्टात फ्रिट्झ बाउअर नावाच्या सरकारी वकिलाने त्याला खेचलं. बाउअर स्वतः ज्यू, नाझींच्या कॅम्पमध्ये राहून आलेला. त्याने प्रश्न शपथेचाच काढला, की एका माणसाला बिनशर्त आज्ञा पाळायची शपथ मुळात कायद्यात बसते का? कोर्टाने रेमरला दोषी ठरवलं आणि नाझी राज्य हे कायद्याचं राज्यच नव्हतं असं म्हटलं. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, नव्या जर्मन सैन्याचा कायदा आला. त्यात सैनिकाची शपथ कोणा माणसाच्या नावाने नाही, आणि जो हुकूम पाळल्याने गुन्हा घडेल तो सैनिकाने पाळायचा नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे.